कारखाना कोणाचा? मोंद्रागोनच्या धर्मगुरूंनी दिलेला धडा



द्राक्षमळ्यातील कामगारांचा दाखला आपण दरवर्षी मिस्साबलीत ऐकतो (मत्तय २०:१-१६). मळ्याचा मालक पहाटे माणसे कामाला लावतो, नऊ वाजता लावतो, दुपारी लावतो आणि दिवस मावळायला तासभर उरला असतानाही लावतो. संध्याकाळी सर्वांच्या हातावर एकसारखाच एक दीनार ठेवतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. ऐकताना आपणही मनातल्या मनात त्यांचीच बाजू घेतो. देवाच्या कृपेविषयीचा हा दाखला आहे, हे खरेच. पण त्यात एक साधी गोष्टही दिसते. एक दीनार म्हणजे त्या काळी एका कुटुंबाचा एका दिवसाचा खर्च. ज्याला दिवसभर कोणी कामच दिले नाही, त्याच्या घरची मुले संध्याकाळी तितकीच भुकेली असतात.

आज आपल्या धर्मग्रामातील किती घरांत कंत्राटावर काम करणारा मुलगा किंवा मुलगी आहे, याचा विचार करा. अकरा महिन्यांचे कंत्राट, मग खंड, मग पुन्हा नवे कंत्राट. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या कायम कामगाराचा पगार दुप्पट. कंपनीला नफा झाला तर वाटा नाही, तोटा झाला तर पहिली कुऱ्हाड मात्र यांच्यावर. अशा वेळी तरुण विचारतात, "हे असेच चालायचे का? भांडवलशाही कधी न्याय्य होऊ शकते का?" या प्रश्नाला केवळ प्रार्थनेचे उत्तर देऊन भागणार नाही. ख्रिस्तसभेने या विषयावर सव्वाशेहून अधिक वर्षे शिकवण दिली आहे, आणि एका साध्या साहाय्यक धर्मगुरूने ती प्रत्यक्ष कारखान्यात उतरवून दाखवली आहे. या लेखात त्या दोन्ही गोष्टींचा अभ्यास करू.

आधी शब्दांचे अर्थ

चर्चेत हे शब्द एकमेकांत मिसळले जातात, म्हणून आधी ते वेगळे करू.

भांडवलशाही म्हणजे ज्याने पैसा घातला त्याची मालकी. निर्णय त्याचा आणि नफाही त्याचा. कामगाराला ठरलेली मजुरी मिळाली की त्याचा संबंध संपला.

साम्यवाद, म्हणजे रशियात १९१७ नंतर जो राबवला गेला तो, याच्या दुसऱ्या टोकाला जातो. कारखाने, जमीन, दुकाने सगळे सरकारचे. पण कामगार मालक झाला का? नाही. मालकाच्या जागी सरकारी अधिकारी आला आणि त्याला बदलण्यासाठी मत देण्याचीही सोय उरली नाही.

लोकशाही समाजवाद हा तिसरा विचार आहे. निवडणुका, वृत्तपत्रे, विरोधी पक्ष, धर्मस्वातंत्र्य हे सगळे तसेच ठेवायचे आणि कायद्याच्या व मताच्या मार्गाने संपत्तीवर व उद्योगावर सामान्य माणसाचा हक्क वाढवत न्यायचा. आपल्या महाराष्ट्रात साने गुरुजी, एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे यांनी आयुष्यभर हाच विचार मांडला.

कामगार सहकार ही त्याहून नेमकी गोष्ट आहे. जे काम करतात तेच उद्योगाचे मालक. मत भागभांडवलाच्या प्रमाणात नसते, प्रत्येक माणसाला एक असते. त्यासाठी सरकार बदलावे लागत नाही. उद्या सकाळी दहा माणसे एकत्र येऊन सुरू करू शकतात.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले. युरोपातील गिरण्यांत तेव्हा लहान मुलेसुद्धा दहा-बारा तास राबत होती. खासगी मालमत्ता नष्ट करू पाहणारा समाजवाद पोपमहाशयांनी नाकारला. पण त्याच पत्रात त्यांनी मालकांनाही खडसावले. कामगाराने नाइलाजाने कमी मजुरी कबूल केली, एवढ्याने ती मजुरी न्याय्य ठरत नाही. कामगार व त्याच्या घरच्यांना नीट जगता येईल इतके वेतन हा त्याचा हक्क आहे आणि संघटना बांधणे हाही त्याचा हक्क आहे.

चाळीस वर्षांनी, १९३१ साली, पोप पायस अकरावे यांनी 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या पत्रात पुढचे पाऊल टाकले. मजुरीच्या करारात हळूहळू भागीदारीचा अंश यावा, कामगारांना मालकीत, व्यवस्थापनात किंवा नफ्यात वाटा मिळावा, असे त्यांनी सुचवले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली तेच पुन्हा सांगितले.

पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी स्वतः दगडखाणीत आणि रासायनिक कारखान्यात राबलेले. १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या पत्रात त्यांनी एक सूत्र दिले: श्रमाचे स्थान भांडवलाच्या वर. यंत्र कितीही महाग असो, ते कोणाच्या तरी कालच्या श्रमातूनच आलेले असते. माणूस यंत्रासाठी नाही, यंत्र माणसासाठी आहे. मग १९९१ साली साम्यवादी राजवटी कोसळल्यावर जगाने विचारले, आता भांडवलशाही जिंकली ना? 'चेन्तेसिमुस आन्नुस' या पत्रात त्यांनी सरळ 'हो' म्हटले नाही. उद्योजकता आणि बाजार यांना त्यांनी मान दिला. पण ज्या व्यवस्थेत बाजाराला कायद्याची व नीतीची चौकट नाही, ती त्यांनी स्वीकारली नाही.

पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झालेल्या कार्डिनल रात्झिंगर यांनी त्याआधी युरोपविषयीच्या एका विवेचनात म्हटले होते की, लोकशाही समाजवाद अनेक बाबतींत कॅथॉलिक सामाजिक शिकवणुकीच्या जवळचा होता व आहे. आणि ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना लिओ तेरावे यांच्या त्या पहिल्या परिपत्रकाचीच आठवण सांगितली.

म्हणजे ख्रिस्तसभेने कोणत्याही पक्षाचा झेंडा हाती घेतलेला नाही. ती प्रत्येक व्यवस्थेला एकच प्रश्न विचारते: तुझ्यात काम करणारा माणूस माणूस म्हणून उभा राहतो का?

एक धर्मगुरू आणि एक गाव

स्पेनच्या उत्तरेला डोंगराळ बास्क प्रदेश आहे. तिथे १९१५ साली मार्किना गावच्या शेतकरी कुटुंबात होजे मारिया अरिझमेंदिअरिएता यांचा जन्म झाला. लहानपणी अपघातात त्यांचा डावा डोळा गेला. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा ते सेमिनरीत शिकत होते. जनरल फ्रँकोच्या विरोधातील बाजूला राहून त्यांनी बास्क भाषेतील वृत्तपत्रात काम केले. ती बाजू हरली आणि त्यांना तुरुंगवास घडला. सुटल्यावर शिक्षण पुरे करून त्यांना गुरुदीक्षा मिळाली. फेब्रुवारी १९४१ मध्ये पंचवीस वर्षांचे हे फादर मोंद्रागोन या छोट्या औद्योगिक गावात साहाय्यक धर्मगुरू म्हणून आले.

गाव युद्धाने होरपळलेले होते. बेकारी होती, क्षयरोग होता, आणि हरलेल्या बाजूच्या माणसांच्या मनात भीती होती. गावात कुलुपे व लोखंडी सामान बनवणारा एक मोठा कारखाना होता. त्याची शिकाऊ मुलांची शाळा होती, पण तिथे मोजक्याच मुलांना प्रवेश मिळे. ही शाळा गावातील सगळ्या मुलांना खुली करा, अशी विनंती फादरांनी व्यवस्थापनाला केली. नकार मिळाला.

फादरांचे प्रवचन फारसे गाजत नसे. सुरुवातीला त्यांची भाषा अवघड जाते अशी भाविकांची तक्रार होती. पण नकार पचवून पुढचा मार्ग शोधणे त्यांना जमत होते. तरुणांना घेऊन त्यांनी गावात पेट्या ठेवल्या. गावासाठी तंत्रशाळा हवी असेल, तर आपण पैशाने किंवा श्रमाने किती मदत करू हे चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावे, असे आवाहन केले. फ्रँकोच्या हुकूमशाहीत लोकांना मत द्यायला पेटीच उरली नव्हती. गावात सुमारे सहाशे चिठ्ठ्या जमल्या. १९४३ साली वीस मुलांना घेऊन शाळा सुरू झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फादरांनी कारखाना आधी काढला नाही. आधी शाळा काढली आणि त्यानंतर तेरा वर्षे थांबले. त्या शाळेतील अकरा जण दिवसा नोकरी करून झारागोझा विद्यापीठाचा अभियांत्रिकीचा अभ्यास करू लागले व उत्तीर्ण झाले. हे तरुण आपापल्या कारखान्यांत वरच्या जागांवर गेले. मालकांनी कामगारांनाही भागीदार करून घ्यावे म्हणून त्यांनी आतून प्रयत्न केले. यश आले नाही. तेव्हा त्यांच्यापैकी पाच जणांनी नोकऱ्या सोडल्या. गावातील सुमारे शंभर माणसांनी त्यांना पैसे उधार दिले, तेही काय बनवणार हे नीट ठरलेले नसताना! १९५६ साली मोंद्रागोनमध्ये त्यांचा 'उल्गोर' कारखाना उभा राहिला. पाचही जणांच्या नावांतील अक्षरे जुळवून हे नाव ठेवले होते. पहिले उत्पादन होते रॉकेलचे स्टोव्ह.

स्टोव्हपासून बँकेपर्यंत

कारखाना चालू लागला तसे दोन प्रश्न उभे राहिले.

पहिला प्रश्न भांडवलाचा. कामगारांच्या कारखान्याला बँका कर्ज द्यायला कचरतात. फादर म्हणाले, आपलीच बँक काढू. बरोबरच्या तरुणांना ही कल्पना आधी पटलीच नाही, आपण अभियंते, बँकेतले आपल्याला काय कळते, असे त्यांचे म्हणणे होते. फादरांनी पिच्छा सोडला नाही. १९५९ साली 'काजा लाबोराल पोप्युलार' म्हणजे श्रमिकांची लोकबँक सुरू झाली. गावकऱ्यांची बचत गावातच नवे कारखाने काढायला वापरायची, नाहीतर मुलांना पोट भरायला गाव सोडावे लागेल, हा तिचा प्रचार होता. ही बँक नुसते कर्ज देऊन थांबत नसे. नव्या कारखान्याचा आराखडा करायला, व्यवस्थापक शोधायला आणि अडचणीतून बाहेर पडायला ती मदत करी.

दुसरा प्रश्न आजारपण व म्हातारपणाचा. सरकारने सांगितले की हे लोक स्वतःच मालक आहेत, म्हणून कामगारांसाठी असलेला सामाजिक विमा त्यांना मिळणार नाही. तेव्हा त्यांनी 'लागुन आरो' ही स्वतःची विमा व निवृत्तिवेतन व्यवस्था उभारली. पुढे १९६९ साली 'एरोस्की' ही ग्राहक भांडारांची साखळी, १९७४ साली 'इकेर्लान' हे संशोधन केंद्र, आणि १९९७ साली त्या पहिल्या तंत्रशाळेच्या परंपरेतून मोंद्रागोन विद्यापीठ उभे राहिले.

फादर होजे मारिया २९ नोव्हेंबर १९७६ रोजी देवाघरी गेले. शेवटपर्यंत ते सल्लागारच राहिले, मालक कधी झाले नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या सद्गुणी जीवनाला मान्यता देऊन त्यांना 'वंदनीय' घोषित केले. संतपदाच्या मार्गावरील ही एक पायरी आहे. आज मोंद्रागोनच्या समूहात सुमारे ऐंशी सहकारी संस्था आणि सुमारे ७० हजार काम करणारी माणसे आहेत.

ही व्यवस्था चालते कशी?

तिचे नियम समजून घेण्यासारखे आहेत.

१. एक माणूस, एक मत. सफाई करणारा आणि मुख्य अभियंता यांचे मत सारखेच. सर्वसाधारण सभा संचालक मंडळ निवडते, मंडळ व्यवस्थापक नेमते. व्यवस्थापक रोजच्या कामात हुकूम देऊ शकतो, पण त्याला नेमणारे आणि काढणारे कामगारच.

२. सभासदाने भांडवल घालायचे. आज ही रक्कम सुमारे पंधरा हजार युरो आहे. एकदम देणे जमले नाही, तर पगारातून हप्त्याने कापली जाते. फुकट मिळालेल्या मालकीची कदर राहत नाही, हा यामागचा विचार.

३. नफ्याचे वाटप. नफ्याचा साधारण दहा टक्के भाग शिक्षण व समाजकार्याला जातो. मोठा भाग संस्थेच्या राखीव निधीत जातो, तो कोणालाही वाटून घेता येत नाही. उरलेला सभासदांच्या खात्यात जमा होतो, पण ती रक्कम साधारणपणे निवृत्तीच्या वेळी किंवा संस्था सोडतानाच मिळते. तोवर तो पैसा कारखान्यातच राबतो. कारखाना तोट्यात गेला, तर तोटाही याच खात्यातून वळता होतो.

४. पगारातील अंतराला मर्यादा. सुरुवातीला सर्वांत मोठा पगार सर्वांत लहान पगाराच्या तिप्पट असे. आता तो साधारण सहा पटीपर्यंत जातो. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांत हे अंतर शेकडो पटींचे असते.

५. संस्थांनी एकमेकांना आधार द्यायचा. एका संस्थेत काम कमी झाले, तर तिच्या सभासदांना दुसऱ्या संस्थेत सामावून घेतात. नफ्यातील संस्था तोट्यातील संस्थेला हात देते. मंदी आली की सभासद सभेत बसून स्वतःचाच पगार कमी करण्याचा ठराव करतात, पण शेजाऱ्याला काढून टाकणे टाळतात.

प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या ख्रिस्ती मंडळीचे वर्णन आहे (४:३२-३५). त्यांच्यात कोणीही गरजू उरला नव्हता, असे तिथे म्हटले आहे. मोंद्रागोन काही स्वर्ग नाही. पण हा पाचवा नियम वाचताना ते वचन आठवल्याशिवाय राहत नाही.

जिथे ठेच लागली

अभ्यास प्रामाणिक असायचा तर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

१९७४ साली उल्गोरमध्येच संप झाला. कोणत्या कामाला किती श्रेणी द्यायची, यावरून असंतोष होता. कामगारच मालक असताना संप कोणाविरुद्ध? संस्थेने पुढाकार घेणाऱ्या १७ जणांना काढून टाकले. बहुमताने हा निर्णय झाला, तरी ती जखम अनेक वर्षे भरली नाही. मतपेटी असली म्हणजे अन्याय होणारच नाही, असे समजू नये, हा त्यातील धडा.

उल्गोरमधून वाढलेली 'फागोर' ही घरगुती उपकरणांची मोठी कंपनी झाली. २००५ साली तिने कर्ज काढून फ्रान्समधील 'ब्रँट' ही कंपनी विकत घेतली. २००८ नंतर स्पेनमधील घरबांधणी कोसळली, फ्रिज व धुलाईयंत्रांची मागणी आटली. भगिनी संस्थांनी खूप पैसा ओतला, पण शेवटी २०१३ साली त्यांनी हात टेकले आणि फागोर बुडाली. जगभरातील सुमारे ५,६०० कामगारांचा तो प्रश्न होता. बास्क प्रदेशातील बहुतेक सभासदांना समूहातील इतर संस्थांत काम किंवा लवकर निवृत्ती मिळाली. पण खात्यातील आयुष्याची पुंजी अनेकांनी गमावली. आणि परदेशातील कारखान्यांचे कामगार सभासदच नव्हते, त्यांना ते छत्र मिळाले नाही.

हाच मोंद्रागोनवरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. जागतिक स्पर्धेत टिकण्यासाठी समूहाने इतर देशांत कंपन्या काढल्या. तिथले कामगार बहुधा साधे पगारदारच राहिले. म्हणजे घरी सहकार आणि बाहेर भांडवलशाही. डिसेंबर २०२२ मध्ये 'उल्मा' आणि 'ओरोना' या दोन भरभराटीच्या संस्थांनी आपल्या सभासदांच्या मताने समूहातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. एकमेकांचा भार वाहणे कठीण असते, आणि आपले चांगले चाललेले असते तेव्हा ते जास्तच कठीण जाते.

सहकाराव्यतिरिक्त दुसरे मार्ग

सगळेच उद्योग कामगारांच्या मालकीचे होतील, असे नाही. पोलाद कारखाना किंवा विमान कंपनी काढायला लागणारे भांडवल कामगार कोठून आणणार? शिवाय नोकरी आणि बचत दोन्ही एकाच कारखान्यात अडकवण्यात धोका असतो, हे फागोरने दाखवले. म्हणून लोकशाही समाजवादाच्या विचाराने इतर मार्गही शोधले.

जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर अर्ध्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना दिल्या. मते समसमान पडली तर अध्यक्षाला जादा मत असते आणि अध्यक्ष बहुधा भागधारकांच्या बाजूचा असतो. तरीही कारखाना बंद करण्याचा किंवा हलवण्याचा निर्णय कामगारांच्या पाठीमागे होत नाही. स्वीडनमध्ये कामगार संघटनेने १९७६ साली आणखी धीट योजना मांडली. मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याचा काही भाग शेअरच्या रूपात कामगारांच्या निधीला द्यावा, म्हणजे काही दशकांत मालकी आपोआप सरकत जाईल. मालकवर्गाने कडाडून विरोध केला. १९८३ साली तिचे सौम्य रूप कायद्यात आले आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी नवे सरकार आल्यावर ते निधी बंद झाले. लोकशाहीत मिळालेली गोष्ट लोकशाहीत जाऊही शकते. म्हणून लोकांचे मन तयार करण्याचे काम कधी संपत नाही.

आपल्या मातीतले अनुभव

सहकार आपल्याला नवा नाही. वसईत १९१८ साली मॉन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक पतसंस्था सुरू झाली. आजची बॅसीन कॅथॉलिक बँक ती हीच. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

पण एक फरक ध्यानात घ्या. बँकेत सभासद असतो तो ठेवीदार व कर्जदार. साखर कारखान्यात सभासद असतो तो ऊस पिकवणारा शेतकरी. कोयता घेऊन फडात उतरणारा ऊसतोड कामगार त्या कारखान्याचा सभासद नसतो. आपल्या सहकाराने शेतकऱ्याला मालक केले, ही मोठीच गोष्ट. मजुराला मालक करण्याची गोष्ट मात्र बरीचशी राहून गेली.

तरीही उदाहरणे आहेत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज 'लिज्जत पापड' घराघरांत पोहोचला आहे आणि पापड लाटणाऱ्या हजारो भगिनीच तिच्या मालकीण आहेत. केरळच्या कण्णूरमध्ये विडी कामगारांना संरक्षण देणारा कायदा लागू होताच मंगळूरच्या मालकांनी काम बंद केले, तेव्हा १९६९ साली कामगारांनी 'दिनेश विडी' ही आपली सहकारी संस्था काढली. इंडियन कॉफी हाऊसही १९५७ पासून वेटर-आचाऱ्यांच्या सहकारी संस्था चालवत आल्या आहेत. मुंबईत कुर्ल्याची 'कमानी ट्यूब्ज' बंद पडल्यावर कामगारांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडून ती ताब्यात घेतली व १९८९ साली यंत्रे पुन्हा सुरू केली. काही वर्षे कारखाना चांगला चालला, पण पुढे तोही अडचणीत सापडला. त्याच्या पाठीशी मोंद्रागोनसारखी स्वतःची बँक नव्हती, भगिनी संस्था नव्हत्या, पुढची पिढी घडवणारी शाळा नव्हती. एकटा कारखाना म्हणजे एकटे झाड. वादळात ते आधी पडते.

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली कलम ४३-अ घालण्यात आले. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांना सहभाग मिळावा यासाठी राज्याने पावले उचलावीत, असे ते सांगते. जर्मनीसारखा सर्व मोठ्या कंपन्यांना बांधील करणारा कायदा मात्र आपल्याकडे झालेला नाही. उमेदवार मत मागायला दारात येतात, तेव्हा याविषयी त्यांना कोणी विचारतो का?

मग उत्तर काय?

भांडवलशाही न्याय्य होऊ शकते का? आपण पाहिलेल्या इतिहासावरून एवढे म्हणता येईल की ती आपणहून न्याय्य होत नाही. जिथे जिथे ती थोडीफार न्याय्य झाली, तिथे तिथे कायद्याने, संघटनेने किंवा सहकाराने तिला तसे व्हायला भाग पाडले. आणि सगळे काही सरकारच्या हाती दिल्याने न्याय मिळत नाही, हेही गेल्या शतकाने दाखवले. न्यायाची कसोटी दोन्हीकडे एकच आहे: काम करणाऱ्या माणसाला निर्णयात आवाज आहे का आणि फळात वाटा आहे का?

फादर होजे मारिया यांनी हे उत्तर पुस्तकात लिहून ठेवले नाही. नकार मिळाल्यावर ते रागावून बसले नाहीत, श्रीमंताच्या दारात पुन्हा पुन्हा गेलेही नाहीत. त्यांनी वीस मुलांची शाळा काढली. पैसा, यंत्रे, बँक हे सगळे मागाहून आले. आपल्या धर्मग्रामात सभागृह आहे, पतपेढी आहे, शिकलेली मुले आहेत, निवृत्त झालेले अनुभवी कारागीर व हिशेबनीस आहेत. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, रुग्णसेवा करणाऱ्या बहिणी, केटरिंगवाले एकेकटे ठेकेदाराच्या हाताखाली राबत आहेत. त्यांच्यातील दहा जणांना एका टेबलाभोवती बसवणे हे अशक्य काम नाही.

दरवर्षी १ मे रोजी आपण कामगार संत योसेफ यांचा सण साजरा करतो. नाझरेथचा तो सुतार कोणाचा नोकर होता की स्वतःच्या हत्यारांचा धनी, हे शुभवर्तमान सांगत नाही. पण त्याच्याच हाताखाली प्रभू येशू काम शिकला. कामाला एवढा मान देवाने दिला आहे. तो मान आपल्या बाजारात कसा उतरवायचा, हे मात्र त्याने आपल्यावर सोपवले आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या समूहातील किती कुटुंबे कंत्राटी कामावर अवलंबून आहेत? त्यांची सर्वांत मोठी अडचण कोणती?

२. आपल्या घरी काम करणारी बाई, आपल्या दुकानातील मुलगा, आपल्या वाडीतील मजूर यांना आपण देतो ते वेतन 'रेरुम नोवारुम'च्या कसोटीला उतरते का?

३. आपण ज्या सहकारी संस्थेचे सभासद आहोत, तिच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला शेवटचे केव्हा गेलो होतो? तिथे प्रश्न विचारला का?

४. आपल्या धर्मग्रामातील कोणते एक काम दहा माणसे मिळून स्वतःच्या मालकीने करू शकतील? त्यासाठी आधी कोणते शिक्षण लागेल?